परीक्षेतली केस

वैद्यकीय परीक्षेच्या दिवशी आम्हा रुग्णांना ‘केस’ म्हणतात. मी चेहऱ्याच्या जुन्या लकव्याची केस. कपाळाच्या उजव्या बाजूला आठी पडत नाही, उजवा डोळा पूर्ण मिटत नाही, हसलो की तोंड डावीकडे ओढलं जातं. नारायण पेठेतल्या ग्रंथालयातून निवृत्त झाल्यावर आपला कुणाला काही उपयोग असेल असं मला वाटत नव्हतं. पण विद्यार्थ्यांना शिकायला असा चेहरा लागतो, म्हणून फोन आला की मी जातो. नियम एकच: आपलं निदान सांगायचं नाही.

त्या सकाळी शेजारच्या खाटेवर विश्रांतवाडीचे कादरभाई होते, कंपवाताची केस. ते नियम पाळत नाहीत. थरथरता हात विद्यार्थ्यापुढे धरून म्हणतात, “बेटा, मला थंडी वाजत नाहीये, एवढं लक्षात ठेव.”

चहा झाला. कादरभाई बोलत होते, मी ऐकत होतो. तेवढ्यात रिकामा कप माझ्या उजव्या हातातून निसटून पांघरुणावर पडला. मी ओशाळलो आणि डाव्या हाताने तो उचलून ठेवला. वेंधळेपणा माझा नेहमीचाच, त्याचं काय सांगायचं कुणाला.

मग पडदा सरकवून अर्शिया नावाची शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी आली. मागोमाग परीक्षक, डॉ. गुप्ते. त्या बाहेरगावाहून आल्या होत्या. मला त्यांनी आधी कधी पाहिलं नव्हतं. चेहऱ्याचा जुना लकवा, एवढंच त्यांना सांगितलेलं होतं.

“काका, तुमचं नाव काय?” अर्शियाने विचारलं.

श्रीनिवास. मनात नाव अगदी स्वच्छ होतं.

“हो,” मी म्हणालो.

मला वाटलं, घाईत चुकलो. पुन्हा तोंड उघडलं, पुन्हा “हो”च आलं.

“अगं, ते लाजतात,” कादरभाई हसून म्हणाले. “त्यांच्याकडून नाव काढायला वकील लावावा लागतो.”

मी लाजत नव्हतो. अर्शियाने कपाळ तपासलं, गाल फुगवायला सांगितले. मग म्हणाली, “दोन्ही हात पुढे करा, तळवे वर. आता डोळे मिटा.”

डावा डोळा मिटला. उजव्याची फट राहिली. त्या फटीतून मला माझा उजवा हात दिसला. तो हळूहळू खाली चालला होता. मी त्याला थांब म्हणत होतो, तो थांबत नव्हता.

“आपण चेहरा तपासताय की कवायत घेताय?” डॉ. गुप्ते म्हणाल्या.

“मॅडम, उजवा हात खाली येतोय.”

“कपाळावर आठी नाही, हे पाहिलंत. म्हणजे दोष चेहऱ्याच्याच नसेत, मेंदूत नाही. त्यात हात दुबळा होतो का?”

“नाही, मॅडम. पण होतोय.”

“मग त्यांनाच विचारा की.”

अर्शिया माझ्याकडे वळली. “काका, हा हात आधीपासून असाच आहे का?”

नाही. आज सकाळी मी याच हाताने दाढी केली. नाही.

“हो,” मी म्हणालो.

“झालं,” डॉ. गुप्ते म्हणाल्या. “जुनं दुखणं आहे. पुढे चला.”

मी जोराने मान हलवायला हवी होती. पण इतकी शिकलेली माणसं जुनं म्हणतात तर खरंच जुनं असेल का, आपलंच काही चुकत असेल का, असं क्षणभर मला वाटून गेलं. आणि त्याच क्षणी कळलं की या दोघी आता पुढच्या खाटेकडे जातील, आणि मी या एका शब्दासह इथेच पडून राहीन.

अर्शिया गेली नाही. तिने माझा हात धरला. तिचा हात माझ्यापेक्षा गार होता.

“काका, तुमचं नाव अर्शिया आहे का?”

“हो.”

“आपण आत्ता विमानात बसलोय?”

“हो.”

कादरभाईंचं हसू थांबलं. अर्शिया मागे न पाहता म्हणाली, “मॅडम, यांच्या ‘हो’ला अर्थ नाहीये. चेहरा जुना असेल, पण हात आणि बोलणं नवीन आहे. मेंदूत गुठळी असू शकते.”

डॉ. गुप्ते माझ्यावर वाकल्या. माझी बोटं दाबून पाहिली. मग त्यांनी कादरभाईंना विचारलं, “हे नीट बोलताना तुम्ही शेवटचं कधी ऐकलंत?”

“चहाच्या वेळी. साखर कमी आहे म्हणाले. तास झाला नसेल, मॅडम.”

“परीक्षा थांबवा. स्ट्रेचर आणा, सीटीला कळवा.” आणि मला म्हणाल्या, “काका, आम्हाला कळलंय. घाबरू नका.”

मी घाबरलेलोच होतो. स्कॅनच्या बोगद्यात डोळे मिटून मी श्रीनिवास म्हणायचा प्रयत्न करत राहिलो. रक्तस्राव नव्हता, म्हणून गुठळी विरघळवायचं औषध शिरेतून दिलं. संध्याकाळी बोटं हलली. नाव दुसऱ्या दिवशी आलं, तेही तुकड्यांत.

अर्शियाच्या परीक्षेचं काय झालं, मला माहीत नाही. विचारायला संकोच वाटतो.

आता बोलणं बरंचसं परत आलंय. तरी रोज सकाळी जाग आल्यावर मी काही वेळ गप्प पडून राहतो. स्वयंपाकघरातून माझी पत्नी हेमा हाक मारते, “अहो, उठलात का? की तेही मीच ठरवायचं?” मी ओठ मिटून छताकडे पाहत असतो. तोंड उघडलं तर काय बाहेर येईल, याची भीती वाटते. ती दुसऱ्यांदा हाक मारते, आणि मग मी तोंड उघडतो.