ताकावरची फुंकर

अव्वाला, माझ्या आईला, दम लागला की अप्पांचा हात आधी खिशात जातो. तिथे स्टेरॉइडच्या गोळ्यांची पट्टी असते. "फारच वाढलं तर" म्हणून कुणा डॉक्टरनं कधीकाळी लिहून दिलेली गोळी आमच्या शुक्रवार पेठेतल्या घरात फुटाण्यासारखी चालायची. तिच्यापायी अव्वाचं तोंड सुजलं, साखर वाढली, नुसती घसरली तर मनगट मोडलं. मी भांडायला गेले की अप्पा म्हणायचे, "भुवनेश्वरी, तू गप की. श्वासाशी खेळ न्हाय."

हे शहाणपण त्यांना उशिरा सुचलं, याचा मला राग आहे. माझा धाकटा भाऊ शिवू, त्यालाही दमाच. अक्कलकोटला मावशीच्या थोरलीच्या लग्नात खुर्च्या मांडता मांडता तो धापा टाकत खाली बसला. "कामाच्या वेळी नाटकं करू नको," अप्पा भर मंडपात ओरडले. शिवू उठला, राहिलेल्या खुर्च्या मांडल्या आणि दवाखान्याच्या वाटेवर रिक्षातच गेला. त्याला पाच वर्षं झाली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. अप्पा तेव्हापासून ताकच फुंकत बसलेत.

यंदा आम्ही छातीच्या नव्या डॉक्टरांकडे गेलो, धम्मप्रिया मॅडमकडे. त्यांनी आधी गोळी हळूहळू कमी करत बंद केली आणि मग अव्वाला मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. श्वासनलिकेला आतून सूज असली की श्वासातला एक वायू वाढतो, आकडा चढतो. गोळी चालू असली तर आकडा दबतो, म्हणून आधी ती बंद. अव्वानं चूल फुंकावी तशी जोरात फुंकर मारली. मॅडम हसल्या. "सावकाश, काकू. एकसारखी." तिसऱ्यांदा जमलं. आकडा कमी आला. रक्ताच्या तपासणीतही सूज दिसली नाही.

"म्हंजे नॉर्मल?" अप्पा म्हणाले. "मग ही काय नाटक करती व्हय?"

शब्द तोंडातून गेला आणि अप्पांनी खिशातली पट्टी चाचपली.

"नाही काका, दम खराच आहे," मॅडम म्हणाल्या. "पण तो सुजेचा नाही, तिथं गोळीचं काम नाही. रोजचा पंप मात्र सोडायचा नाही, सूज त्यानंच शांत आहे. दम लागला की आधी श्वासाचा जोर दाखवणाऱ्या या छोट्या काट्याच्या नळीत फुंकायला लावा. काटा हिरव्या पट्ट्यात असला तर गोळी द्यायची नाही, जवळ बसायचं. खाली आला तर दम लगेच उतरवणारा निळा पंप द्या आणि तडक इकडे आणा."

जवळ बसणं अप्पांना गोळीपेक्षा अवघड होतं. पट्टी काही त्यांनी खिशातून काढली नाही.

परवा मावशीची पत्रिका आली. धाकटीचं लग्न, अक्कलकोटलाच, त्याच कार्यालयात. अव्वानं पत्रिका हातात घेतली आणि तिचा दम अडकला. खांदे वर, डोळे मोठे. अप्पांचा हात खिशात गेला. मी नळी आणली, अव्वानं कशीबशी फुंकली. काटा हिरव्यात होता. पुन्हा फुंकली, हिरव्यातच. तरी हात खिशातच. खरं सांगते, मलासुद्धा वाटलं, देऊन टाकावी. शिवूच्या वेळी आमच्याकडे काटा कुठं होता?

अप्पा तिच्याशेजारी जमिनीवर बसले.

"अगं, मी पोराला नाटक म्हणलो," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं.

अव्वा पत्रिकेकडेच बघत होती.

"मीच तुमाला त्याच्याकडं पाठवलं होतं की. पोरगं कामचुकार झालंय, पाव्हण्यांत लाज जाती, जावा, चार शब्द सुनवा म्हणून मीच तुमच्या मागं लागले होते."

अप्पांनी रिकामा हात खिशातून काढला आणि तिच्या हातावर ठेवला. मी नळी धरून तशीच उभी राहिले. शिवू गेल्यापासून एवढं लांब अव्वा पहिल्यांदाच एका दमात बोलली होती.