आत्याच्या मांडीवरचं पुस्तक

गंगाखेडच्या ईश्वरअप्पांचं किराणा दुकान जोरात चालायचं, पण घरात पुस्तकं म्हणाल तर दोनच, आणि तीही एकाच लाल लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेली. एक त्यांच्या विधवा बहिणीची, चन्नबसम्माची पोथी. दुसरं त्यांच्या सात वर्षांच्या लेकीचं, शिवम्माचं शाळेतलं उर्दूचं पहिलं पुस्तक. पोथीला बासन आणि आपल्या पुस्तकाला का नाही, म्हणून पोरीनं भोकाड पसरलं, तेव्हा आत्यानं उरलेला तुकडा तिला फाडून दिला. लाडानं पोर अगदी डोक्यावर बसली होती.

निजामाचं राज्य, त्यामुळे शाळेत उर्दू. घरी आली की शिवम्मा आत्याला टेकून मोठमोठ्यानं धडा घोकायची आणि आत्या शेंगा फोडत ऐकायची. पुस्तक उलट्या बाजूनं उघडतं याचं तिला भारी नवल. दुपार कलली की ती पोथी सोडायची आणि शिवम्माला एकेक अक्षर दाखवायची. पोथीचा त्या घरात एक नेम होता. बासन एकदा सोडलं की अख्खा अध्याय वाचल्याशिवाय बांधायचं नाही. म्हणून आत्याखेरीज त्या गाठीला कुणी हात लावत नसे.

पौषात तापाचं निमित्त झालं आणि आत्या गेली. हे लिंगायत. त्यांच्यात माणसाला बसवून माती देतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग ठेवून. या घरात तर मेलेल्याची रोजची पोथीही मांडीवर ठेवायची रीत होती, शिवाजवळ पोचेपर्यंत वाचायला म्हणून. बाहेर माणसं खोळंबलेली. ईश्वरअप्पांनी पोरीला देवळीतली पोथी आणायला सांगितलं. रडून रडून तिचे डोळे सुजले होते. दोन्ही बासनं देवळीत शेजारीच असायची; हाताला लागलं ते तिनं आणून दिलं. सोडून बघायचं तर अध्याय वाचणं आलं, आणि तेवढी सवड कुणाला होती? गोदावरीकाठच्या शेतात आत्याला बसवलं, विभूती, बेल वाहिला आणि काळी माती लोटली.

पुढच्या आठवड्यात शिवम्मानं वर्गात आपलं बासन सोडलं, तर आतून पोथी निघाली.

म्हणजे आत्याच्या मांडीवर उर्दूचं पुस्तक गेलं होतं. बापाचा मार तिनं मुकाट खाल्ला असता, मार काय, आज दुखतो, उद्या विसरतो. पण पोथीविना आत्या शिवाकडे पोचणार कशी? आपल्यामुळे ती तशीच मातीत बसून राहणार.

नेमकं उर्दू शिकवणाऱ्या उस्तानीबाईंनी तिलाच वाचायला उभं केलं. धडा नवा होता, अजून कुणाला शिकवलेला नव्हता. शिवम्मानं रडवेलं तोंड पोथीआड लपवलं. आणि तिच्या तोंडून धडा बाहेर पडायला लागला. अक्षराला अक्षर जुळवत, दर ओळीच्या शेवटी हेल काढत, आत्या पोथी वाचायची अगदी तसा. आपण वाचत नाही, कुणीतरी आपल्या तोंडानं वाचतंय, हे तिला स्वच्छ कळत होतं. उस्तानीबाई खूश झाल्या. शेजारच्या पोरी मात्र हळूहळू लांब सरकल्या.

मग रोजच तसं व्हायला लागलं. वर्ग बैलाच्या धड्यावर असला की हिच्या तोंडी पुढचा चंद्राचा धडा. घरी दुपार कलली की रिकाम्या माजघरातून पुटपुट यायची. आईला काही ऐकू येत नसे. पोरीनं मनाला लावून घेतलंय, एवढंच ती म्हणायची. एकदा शिवम्मानं दाराआडून डोकावलं. कुणी नव्हतं. जमिनीखालून, जात्याच्या अंगानं, आत्या एकाच शब्दावर अडली होती. तोच शब्द, पुन्हा पुन्हा, चुकीचा. शिवम्माला राहवेना. तिनं तो बरोबर सांगितला.

पुटपुट थांबली. मग पुढची ओळ सुरू झाली.

शिवम्मा गारठून गेली. त्या पुस्तकाचे शेवटचे धडे चालू होते आणि ते संपल्यावर आत्या काय करील, हे तिला कळेना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती पोथी काखेत मारून एकटीच शेतात गेली. ज्वारी हुरड्याला आली होती. वारा पडला होता, तरी समाधीभोवतीची ताटं हलत होती. जीव मुठीत धरून ती खाली बसली.

"आत्या, माजं चुकलं," ती म्हणाली. "ही तुजी पोथी. मी वाचते, तू जा शिवाकडं."

तिनं बासन सोडलं आणि अडखळत का होईना, अख्खा अध्याय मोठ्यानं वाचला. खालून हूं का चूं आलं नाही. ताटंही थांबली. पोचली आत्या, असं वाटून तिला रडू फुटलं. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं. नाक पुसत ती गाठ मारायला लागली, तेवढ्यात अगदी मांडीखालून आवाज आला.

"ती पाठच हाय गं मला, लहानपणापासून. उर्दूचं दुसरं पुस्तक कवा आणतीस?"

शिवम्मानं गाठ तशीच सोडली. आत्याशी ती कधी खोटं बोलली नव्हती आणि आता तर तेवढं धाडसही नव्हतं.

"उन्हाळ्यात," ती कशीबशी म्हणाली. "पास झाले की."

"बरं," आत्या म्हणाली. "तवर बसते मी."