उजव्या बाजूचा आवाज

भूपेशचं वडशाला स्टेशनजवळ व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. २००४ च्या जानेवारीत त्यानं एका गावच्या मंडईतलं, म्हणजे जत्रेतलं, नाटक शूट केलं. त्यात वारलू बापाच्या भूमिकेत होता. एरवी वारलू तलावात जाळं टाकायचा, पण हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटकात त्याचा गळा लागला की बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत.

त्या दिवशी कॅमेऱ्यात दोन आवाज भरले गेले होते. डाव्या बाजूला लाऊडस्पीकरवाल्याच्या मशीनमधून वायरनं आलेला, उजव्या बाजूला कॅमेऱ्याच्या स्वतःच्या माइकचा. व्हीसीडी बनवायला बसल्यावर भूपेशनं पहिली दहा मिनिटं ऐकली. वायरीची पिन सैल असावी, डावा आवाज चरचरत होता. दोन्ही ठेवले तर प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येई. त्यानं सेटिंगमध्ये फक्त उजवा आवाज निवडला, तोच दोन्ही बाजूंना दिला आणि कॉम्प्युटर चालू ठेवून जेवायला गेला. पुढचे अंक ऐकलेच नाहीत. कॉम्प्युटरला पूर्ण दिवस लागला.

गावानं व्हीसीडी आवडीनं पाहिली. एप्रिलमध्ये लग्नं सुरू झाली तशी भूपेशनं कॅमेऱ्यातली नाटकाची मूळ कॅसेट एका लग्नाला वापरली. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी पडत होती, म्हणून तिथलंही नाटकाचं शूटिंग पुसलं.

पावसाळ्यात वारलूच्या घशाचं ऑपरेशन नागपूरला झालं. जीव वाचला, आवाज गेला.

दिवाळीनंतर एका दुपारी तो आणि त्याची बायको धुरपता दुकानात आले. वारलूच्या गळ्याला भोक होतं, त्यावर पांढरं फडकं बांधलेलं. धुरपतानं पिशवीतून व्हीसीडी काढली.

"भूपेशभाऊ, नाटकात बाप लेकीले सासरी पाठवते ना, ते गाणं काढून दे. याच्यात इंजिनच लय वाजते. ह्यायचा आवाज मोठा करून दे."

भूपेशनं तिसरा अंक लावला. पडद्यावर वारलू हात पसरून गात होता, पण ऐकू येत होतं ते मांडवामागचं जनरेटर. शेजारी कोणाचं तरी पोर रडत होतं. गाणं कुठंतरी त्या पलीकडे.

त्यानं आवाज वाढवला. जनरेटरही वाढलं. मग त्यानं खालची घरघर कापली. घरघर कमी झाली आणि वारलूचा आवाज डब्यात तोंड घालून गावं तसा आला. वारलूनं लगेच हात हलवला. हा मी नाही.

भूपेशनं तासभर सगळं करून पाहिलं. शेवटी माउस सोडला.

"वारलूभाऊ, चूक माही हाये. साफ आवाज दुसऱ्या बाजूले होता. सुरुवातीले चरचरत होता म्हणून म्या तो घेतलाच नाई. समोर जाऊन चांगला झाला असन, हे पायलंच नाई."

"मंग आता घे ना," धुरपता म्हणाली.

"कॅसेट पुसली बाई. तिच्यावर लग्न भरलं."

"काऊन पुसली?"

 भूपेशनं तिथल्या तिथं आरमोरीच्या लाऊडस्पीकरवाल्याला फोन लावला. "तुमी टेप केलं होतं का जी?" तिकडून उत्तर आलं, "नाई बा. कोण करते?" नाटक कंपनीच्या मॅनेजरला विचारलं. त्याच्याजवळ फक्त फोटो होते.

धुरपता स्टुलावर बसून ऐकत होती. वारलूनं समोरची वही ओढली आणि लिहिलं, 'होतं तसंच लाव.'

भूपेशनं मूळ व्हीसीडी पुन्हा लावली. जनरेटर सुरू झालं. शब्द बुडत होते तिथं धुरपता ते आठवून हळू आवाजात म्हणू लागली.

"जाय लेकी, वळून पाहू नको…"

वारलूनं तिच्या खांद्याला हात लावला, मान हलवली. चुकलं.

"काय चुकलं? वळूनच होतं ना?"

त्यानं ओठ हलवले. तिला कळेना. तो पुन्हा म्हणाला, जोर लावून. फडक्याखालून नुसता वारा आला. मग खोकला आला आणि तो वाकला. धुरपता त्याची पाठ चोळू लागली.

भूपेशनं वही त्याच्यापुढे धरली. वारलूनं लिहिलं, 'फिरून.' मग पेन खाली ठेवलं. नुसता शब्द लिहून भागणार नव्हतं. कुठं थांबायचं, कुठं आवाज वर न्यायचा, हे तिला कागदावर कसं सांगणार? पडद्यावर गाणं केव्हाच संपलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

"अजून एक डाव लाव भाऊ," धुरपता म्हणाली. "मी बरोबर म्हणते आता."

भूपेशनं गाणं मागे नेलं.