मुळासकट फूल

जपानातल्या आमच्या सरायीत पाहुणा एकच उरला होता, आणि तोही गोरा. नाव हेन्रिक. पहिल्याच दिवशी हा बाबा संडासातल्या सपाता घालून थेट जेवणाच्या चटयांवर आला. दुसऱ्या दिवशी अंगाचा साबण न धुताच सगळ्यांच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरला. कुंड उपसून घासताना माझी कंबर गेली. आतल्या खोलीत आजारी पडलेले आमचे हे मात्र खोकत खोकत हसले.

"तुम्हाला हसायला काय जातंय? उपसलं कुणी?" मी म्हणाले.

"अगं फुसाए, गुणाचा आहे तो. महिन्यात आजच हसलो."

डॉक्टरांनी मला दाराबाहेर नेऊन सांगितलं होतं, बर्फ वितळेपर्यंत दिवस काढले तरी पुष्कळ. ह्यांना मी त्यातलं काही कळू दिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी हेन्रिक गावातून लाल फुलांची कुंडी घेऊन आला. "मालकांना. लवकर बरे होवोत," तो अडखळत म्हणाला. आजाऱ्याला द्यायची तर तोडलेली फुलं द्यावीत, मुळासकट रोप कधीच नाही. रोप मूळ धरतं, माणूस अंथरूण धरतो. आमच्या जपानीत दोन्हीचा उच्चार एकच. मी कुंडी हिसकावून मागच्या अंगणात बर्फात ठेवली. तो बिचारा वाकून वाकून माफी मागत राहिला. कशाची, ते त्याला ठाऊक नव्हतं.

सकाळी तो सराय सोडून गेला. पेज भरवताना ह्यांनी विचारलं, "काल काय आणलं होतं त्यानं?"

"कुंडी. अक्कल नाही मेल्याला."

"कुठंय?"

"बाहेर. कायमचं अंथरूण धरायचंय का तुम्हाला?"

त्यांनी पेजेची वाटी बाजूला सारली.

"धरू दे की," ते म्हणाले. "डॉक्टर काय बोलला ते ऐकलंय मी. दार कागदाचं आहे, फुसाए. वर्षभर अंथरूण धरलं तरी चालेल मला. तुझे हाल होतील, पण निदान इथं असेन. आण ती कुंडी."

मी अनवाणीच धावले. रात्रभर बर्फ पडला होता. हातांनी उकरून कुंडी काढली. पानं शिजलेल्या भाजीसारखी काळी, मऊ पडली होती. धरायला गेले तर देठ हातात आला.

"सापडली का गं?" आतून हाक आली.

"सापडली."

"कशी आहे?"

"छान आहे. मूळ धरलंय."

"मग आण ना आत," ते म्हणाले.

मी तिथंच बसून राहिले.