चौघींचे आठ अंगठे

सान पेद्रो हा कोळ्यांचा देव. वर्षातून एकदा तो पिकअपच्या पाठीवर बसून समुद्राच्या पाण्यापर्यंत जातो, म्हणून सणाच्या आदल्या दिवशी सोनोराच्या त्या वाळवंटी किनाऱ्यावरच्या बायका गाडीला नवरीसारखं न्हाऊ घालतात. गाडीचं नाव ला बुर्रा, म्हणजे गाढवी. साऱ्या वस्तीत ही एकच गाडी. एरवी तिचं काम होड्या ओढायचं. तिथला किनारा असा खडा की लाटेवर बसून आलेल्या होडीला लगेच साखळी लावून वर खेचली नाही, तर मागची लाट तिला उलटी करून माणसांवर आपटते.

यंदा न्हाऊ घालायचं काम निकोलासाकडे होतं. तिचा नवरा चेंचोच गाडी चालवायचा, तो दर्यावर असला की ती. आज तो आपली होडी घेऊन, दुसऱ्या एका होडीसोबत, सणाचे मासे आणायला पहाटेच गेला होता. निकोलासाला कुठलंही काम वरवरचं जमत नसे. इतर बायका पत्रा घासून गप्प बसल्या असत्या. हिने बॉनेट उघडलं. आत मिठाचा पांढरा थर दिसला, तसं तिला राहवेना. तिने ठिणगी पाडणाऱ्या प्लगच्या आठही वायरी उपसल्या, गोड्या पाण्यात धुतल्या आणि दोरीवर मिरच्यांसारख्या वाळत घातल्या. देवाच्या गाडीत मीठ कसं चालेल?

परत लावताना ती घाबरली नाही. आठ सिलिंडरांत ठिणगी ओळीने पडत नाही, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ओळीने धक्के बसले तर इंजिनाच्या पोटातला फिरता दांडा, क्रँक, हेलपाटेल, म्हणून एकदा इकडचा, एकदा तिकडचा, एकदा पुढचा, एकदा मागचा, असा क्रम ठरलेला असतो. तो इंजिनाच्या माथ्यावर लोखंडातच ओतलेला होता: एक, पाच, चार, दोन, सहा, तीन, सात, आठ. तिने तो वाचला आणि तशाच वायरी लावल्या. लोखंड कशाला खोटं बोलेल?

किल्ली फिरवली, तर ला बुर्रा खोकली, थरथरली आणि तिने कार्बोरेटरमधून असा उलटा बार काढला की बॉनेटवर बसलेली कोंबडी छपरावर जाऊन पडली. पुन्हा किल्ली, पुन्हा तेच. इंजिन बंदही पडेना, पण गिअर टाकला की मान टाकी. रिकामी गाडी वाळू चढेना, ती होडी काय ओढणार! आणि एवढ्यात दक्षिणेचा वारा उठला. दुपारीच पाण्याचा रंग शिशासारखा झाला.

निकोलासा रेडिओकडे धावली.

"चेंचो, बुर्राच्या वायरी कुठल्या कुठे लावायच्या?"

"कुठल्या वायरी?"

"सगळ्या."

"सगळ्या काढल्यास? अगं बाई, मी जन्मात दोन एकदम काढल्या नाहीत. एक काढायची, पुसायची, जागेवर लावायची, मग दुसरीला हात घालायचा."

"वरचे आकडे बघून लावल्या. अर्धं इंजिन चालतंय, अर्धं भांडतंय."

"ते आकडे सोड. आउरेलियोने आतला कॅमशाफ्ट बदललाय, दुसऱ्या जातीच्या इंजिनाचा टाकलाय. त्याचा क्रम वेगळा. मला नाही ठाऊक, निको. आउरेलियोलाच ठाऊक होता."

आउरेलियो मेकॅनिक गेल्या हिवाळ्यातच टेकडीवरच्या क्रुसाखाली जाऊन झोपला होता. चेंचो म्हणाला की दोन्ही होड्या वळल्या आहेत. बाहेर थांबण्यासारखा दर्या राहिला नाही, आणि गाडीशिवाय किनाऱ्याला लागणंही खरं नाही. मग रेडिओ खरखरला आणि गप्प झाला.

निकोलासा इंजिनासमोर येऊन उभी राहिली. रडू येत होतं, पण तिचं डोकं वेगळीकडेच चाललं होतं. वरचे आकडे जुन्या कॅमशाफ्टचे. झडपा कधी मिटायच्या हे कॅमशाफ्ट ठरवतो. झडपा मिटल्या की पिस्टन वर येतो आणि हवा दाबतो. तीच त्या सिलिंडरची पाळी, तिथेच ठिणगी हवी. म्हणजे मेलेल्या माणसाला विचारायची गरज नव्हती. इंजिनालाच विचारता येत होतं.

तिने सगळे प्लग काढले आणि किनाऱ्यावर जमलेल्या बायकांकडे वळली. सासू रेफुहियो जपमाळ घेऊन उभी होती. शेजारणी अंपारो, एदुविहेस आणि ब्रीहिदा तिच्यामागे पुटपुटत होत्या.

"आई, माळ खिशात घाला. मला अंगठे हवेत."

"देवाचं नाव घेताना मध्ये बोलू नये, पोरी. आणि हे सगळं तुझ्याच धुण्याचं पुण्य आहे."

"ते मी उद्या ऐकते. आता या भोकांवर दोन्ही अंगठे गच्च दाबा."

रेफुहियोने सुनेकडे असं पाहिलं की दूध नासावं. पण आली. दोघी उजवीकडून, दोघी डावीकडून बॉनेटखाली वाकल्या. चार बायका, आठ अंगठे, आठ भोकं. निकोलासाने डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे आठही वायरींना ठिणगी वाटणाऱ्या डबीची, टोपी उघडी ठेवली, क्रँकच्या बोल्टला लांब पाना लावला आणि अंगाचा भार टाकून हळूहळू फिरवायला लागली. जिच्या अंगठ्याला आतून हवा ढकलील तिने त्या भोकाचा आकडा सांगायचा, एवढंच काम.

रेफुहियोचा अंगठा उचलला गेला. "एक," ती म्हणाली, आणि स्वतःच दचकली. डबीतल्या फिरत्या रोटरचं तोंड त्या क्षणी जिकडे होतं तिथे निकोलासाने खूण केली. मग अंपारो म्हणाली तीन. ब्रीहिदा, सात. पुन्हा रेफुहियो, दोन. एदुविहेस, सहा. आणि लगेच पुन्हा एदुविहेसच, पाच.

"हिला कायम दोनदा वाढून घ्यायची सवय," ब्रीहिदा म्हणाली, आणि त्या वाऱ्यातही चौघी हसल्या.

अंपारो चार, ब्रीहिदा आठ, आणि फिरून रेफुहियो एक. निकोलासाने हे आणखी एकदा करून पाहिलं. तोच क्रम, तशाच हाका. लोखंडावरच्या ओळीशी ताडून पाहिलं तर एक, दोन, सहा आणि आठ आपापल्या जागी होते. बाकीचे चौघे एकमेकांच्या घरात जाऊन बसले होते. म्हणून अर्धं चालत होतं, अर्धं भांडत होतं. एवढ्या घाईतही तिला त्या यंत्राचं कौतुक वाटलं. किती शहाणी वस्तू! नीट विचारलं तर काहीही लपवत नाही.

तिने प्लग बसवले, खुणेपासून रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वायरी लावल्या आणि किल्ली फिरवली. ला बुर्रा एकदाच शिंकली आणि मग अशी घुमायला लागली, जड आणि एकसारखी, की बायकांना पायाखालच्या वाळूत ती जाणवली. कुणी टाळ्या पिटल्या नाहीत, कारण पहिली होडी फेसाच्या पलीकडे दिसायला लागली होती.

चेंचोने लाट निवडली आणि तिच्यावर बसून आला. एदुविहेस कमरेइतक्या पाण्यात साखळी घेऊन उभी होती. होडीचं नाक वाळूला लागलं, साखळीचा आकडा अडकला, निकोलासाने पहिल्या गिअरमध्ये पाय दाबला. चाकं रुतली, फिरली, धरली. मागची लाट येऊन आपटली तेव्हा तिथे नुसती ओली वाळू होती.

चेंचो उतरला तो नखशिखांत भिजलेला. त्याने आधी इंजिनाचा आवाज ऐकला, मग बायकोकडे पाहिलं. "क्रम कुणी सांगितला?"

रेफुहियोने सुनेच्या पुढे होऊन आपले काळेकुट्ट अंगठे मुलासमोर धरले.

"इंजिनाने सांगितला. विचारला हिने," ती म्हणाली. "तुझ्या बापाची होडी इथेच उलटली, तेव्हाही आम्ही इतक्याच जणी होतो. नुसत्या उभ्या होतो रे."

चेंचोने आईचे हात हातात घेतले. पण तिने ते सोडवून घेतले, साखळीचा आकडा होडीतून काढला आणि दुसऱ्या होडीसाठी पाण्याकडे चालायला लागली. निकोलासाने गाडी मागे घेतली.