लक्ष्मणरावाच्या गाडीचा मांडव

गाडी यायच्या आधीच लक्ष्मणरावानं गाडीचा मांडव घातला. उलटं काम करायचा त्याचा स्वभावच आहे, पण या वेळी त्यानं कमाल केली. धान कापून पेंढ्यांचे पुंजणे रचले होते, चुरणी म्हणजे मळणी बाकी होती, मजूर भेटत नाही म्हणून सारं गाव बोंबलून राहिलं होतं, अन् हा बाप्पा सकाळपासून बैलांच्या पडक्या कोठ्याले लागून खड्डे खोदून राहिला. मले हाक मारली. मी श्यामराव, त्याचा शेजारी. आमच्या दोन घरांच्या मधात एक भिंत आहे, तेही नावापुरती. त्याच्या घरचं भांडण मले ऐकू येते अन् माझ्या घरचं त्याले. गेलो तं म्हणे, हा खांब धर सरळ.

त्याची बायको गीताबाई घरापुढच्या सपरीत सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. तिचं तोंड सुपापेक्षा जोरात चालू होतं. ज्या गाडीचा अजून पत्ता नाही तिचं घर बांधून राहिले, अन् ज्या बैलांनी जन्मभर कमावून खाऊ घातलं ते मोहाच्या झाडाखाली उघड्यावर. लक्ष्मणराव म्हणे, बैलांले थंडी मानवते. त्यावर गीताबाई काय म्हणाली ते मी चारचौघांत सांगू शकत नाही.

पण त्या मांडवामागं एक दुखणं होतं, ते आधी सांगतो. लक्ष्मणरावाची पोरगी दामिनी, एकुलती एक, लाखनीले दिली आहे. गेल्या साली तिले तिसरा महिना होता. दोन दिवसांसाठी इथं आली, परत जाताना ऑटोत बसली. आमच्या गावापासून दिघोरीपर्यंतचा रोड कसा आहे ते तुम्हाले माहीत आहे, पोटातलं पाणी जाग्यावर राहत नाही. आठवड्याच्या आत तिचं पोट पडलं. डॉक्टरणीनं चांगलं समजावून सांगितलं का बाबा, हे रोडामुळं नाही झालं, असं होते कधी कधी. दामिनीले पटलं, गीताबाईले पटलं, बापाले काही पटलं नाही. त्या दिवसापासून तो ऑटोवाल्याशी बोलत नाही. आपणच तिले त्या ऑटोत चढवून दिलं, हे त्याच्या मनातून जात नाही.

औंदा पुन्हा गोड बातमी आली. सातवा महिना सरला, ओटी भरून झाली, आता पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच. तिले आणायची वेळ आली तसा लक्ष्मणराव मंडईच्या जत्रेत पानठेल्यावर उभा राहून सगळ्यांले ऐकू जाईन असा बोलला.

"या बारी माही पोरगी कोनाच्या ऑटोत येनार नाई. घरच्या गाडीत येईन, अन् स्टेरिंगवर मी राहीन."

ट्रॅक्टर त्याले चालवता येतो, म्हणून गाडीही येते असं त्याचं म्हणणं. गीताबाई म्हणे, दिघोरीवरून भाड्याची जीप सांगा, झालं. तो म्हणे, परक्या ड्रायव्हरचा हात कसा आहे कोणाले माहीत. अन् मंग त्याले कुंदन भेटला.

कुंदन म्हणजे गीताबाईच्या बहिणीच्या दिराचा पोरगा. पवनीले मोबाईलचं दुकान आहे, गोड बोलते. त्याले त्याची जुनी गाडी काढायची होती. नात्यातला माणूस, भाव फोनवरच पटला, अन् एका सकाळी गाडी आमच्या दारात उभी. पांढरी फेक, आरशाले झेंडूचा हार, आत अगरबत्तीचा वास. मागून त्याची बायको रूपा स्कूटीवर आली. त्यात नवल काही नव्हतं, गाडी इथं ठेवली तं दोघांले परत जायले काही तरी पाहिजे. लक्ष्मणरावाचं तं तिकडं लक्षही नव्हतं. तो गाडीच्या बोनेटवर हात फिरवत होता, बाजारात बैलाच्या पाठीवर फिरवते तसा.

चक्कर मारायले निघालो. लक्ष्मणराव स्टेअरिंगवर, कुंदन त्याच्या बाजूले, मी मागं. गाडी जराशी पळाली अन् डावीकडे सरकली. लक्ष्मणरावानं उजवीकडे ओढली. हात ढिला सोडला का पुन्हा डावीकडे, जशी काही डाव्या अंगाच्या धानाच्या बांधीतली हिरवी लाखोळी तिले खायची होती. स्टेअरिंग इतकं ढिलं का चाकाले खबर पोचेपर्यंत अर्धं फिरून जाये. अन् ब्रेक दाबला तं तिनं अशी मान झटकली का माझं डोकं काचेले लागलं.

कुंदन म्हणे, टायरात हवा कमी आहे, मावसाजी. दिघोरीले हवा भरली. हवा भरल्यावर ती अजून जोमानं डावीकडे निघाली. मंग तो म्हणे, थोडंसं काम करून घ्या, नाही तं हात बसला का समजतही नाही.

आता शहाण्या माणसानं तिथूनच गाडी परत केली असती. पण लक्ष्मणरावाचा जीव तिच्यावर बसला होता. तो म्हणे, प्रत्येक जनावराले एखादी खोड असतेच. आपला चांद्या बैल नाही का, डावीकडे ओढे, त्याले जोडीत दुसऱ्या अंगाले जुंपला अन् त्याची सारी उमर निघून गेली. मी म्हटलं, बाप्पा, चांद्याले जोडीदार होता, हिले जोडीदार कोठून आणशीन? त्यानं गाडी घराकडं वळवली. मले वाटलं समजला. पण त्याच्या डोक्यात दुसरंच चालू होतं.

घरापाशी आला तसा आत गेला अन् गेल्या सालच्या धानाचे दोन कट्टे, भरलेले पोतेच, काढून आणले. गाडीत मागं, उजव्या बाजूले, एकावर एक ठेवले. भार बरोबर पडला का गाडी सरळ चालते, बैलबंडी असो का मोटर. तेवढ्यानं भागलं नाही तं मले म्हणे, तू बी बस त्याच्यावर. माझं अंग जरा भरलेलं आहे, ते काही लपवून ठेवायची गोष्ट नाही. बसलो. मान तिरपी करून, गाडीचं टप्पर डोक्याले लागून, कट्ट्यांवर बसलो. अन् काय सांगू, गाडी सरळ चालली. चालली म्हणजे भारानं तिच्यात पळायचा दमच राहिला नाही, पण लक्ष्मणरावाले तेवढं पुरे होतं. अख्ख्या गावातून हॉर्न वाजवत त्यानं आणली.

गीताबाईनं मले कट्ट्यांवरून उतरताना पाह्यलं. सारं ऐकून घेतलं. मंग सपरीच्या खांबाले टेकून थंडपणानं विचारलं, दामिनीले कोणत्या बाजूले बसवाल? तो म्हणे, डाव्या.

"म्हंजे उजवीकडे धान अन् श्यामभाऊजी, अन् डावीकडे माही पोरगी. अन् भाऊजी रस्त्यात पानी प्यायले उतरले तं?"

मले हसू आलं. लक्ष्मणराव भडकला. तुले गाडीतलं काय समजते, बाया मधात बोलल्या का कामं बिघडतात, असं काहीबाही बोलला. ती पाहुण्यांपुढून आत निघून गेली. कुंदन घड्याळ पाहून राहिला. रूपा सपरीत चहा पीत खाली मान घालून बसली होती. मले वाटलं, झालं, आली गाडी आमच्या उरावर, आता जन्मभर कट्ट्यांवर बसा.

तेवढ्यात गीताबाई आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. त्यात कुंकू, तांदूळ अन् नारळ. लक्ष्मणरावाचं तोंड एकदम फुललं. ती गाडीजवळ गेली, पण कुंकू लावलं नाही.

"कुंदन बाप्पू, गाडी मले पसंत हाये," ती म्हणाली. "पन आमच्या घरी जनावर घ्यायची एक रीत हाये. माहे बाबा बैलाचे दात नोयते पाहत. विकनाऱ्याले म्हनत, बंडी जुंप, तुही घरवाली बसव, अन् बोडीच्या पारीवरून एक चक्कर मारून आन. परत आला का बैल आमचा. तू बी तसंच कर. रूपाले डाव्या बाजूले बसव. कट्टे नको, भाऊजी नको. परत आले का मी कुंकू लावते."

आमची बोडी म्हणजे लहानसं तळं, अन् तिची पार म्हणजे मातीचा बांध, गावाच्या मागंच आहे. एक बंडी जाईन एवढीच रुंद. उजव्या हाताले खोल उतार अन् खाली धानाच्या बांध्या, डाव्या हाताले भरलेलं पाणी. पारीवरून गाड्या जातात, आमच्या गावचा दूधवाला रोज जाते. त्यात भीती वाटायसारखं काही नाही, गाडी सरळ चालत असली तं.

कुंदन हसला. तेवढंच ना मावशी, म्हणत त्यानं डावीकडचं दार उघडलं अन् बायकोले म्हणे, चाल वो. रूपानं कप खाली ठेवला. उठली मात्र नाही.

"मी नाई बसत," ती म्हणाली.

"अवं, तिथून तिथं तं जायचं हाये."

"तुमी जा. पोळ्याच्या दिवशी लेकराले मांडीवर घेऊन मी याच गाडीत नालीत गेली होती. तवापासून मी स्कूटीच चालवते." मंग ती गीताबाईकडं वळली. तिचे डोळे भरून आले होते. "मावशी, गाडी दामिनीताईले आनायसाठी हाये हे मले आताच समजलं. आधी समजलं असतं तं इथवर येऊच नसती देली."

मोहाखाली बैलाच्या गळ्यातली घंटी तेवढी वाजून राहिली होती. लक्ष्मणरावानं बोनेटवरचा हात काढला अन् धोतराले पुसला. आतापर्यंत तो भांडकुदळ पोरासारखा वागत होता, पण आता त्याच्या तोंडाकडं माझ्यानं पाहवेना.

"कुंदन, तुले तं मालूम होतं ना?" तो हळूच म्हणाला. "म्याच सांगतलं होतं फोनवर. पोरगी पोटुशी हाये म्हनून."

कुंदन पायाच्या अंगठ्यानं माती उकरून राहिला. हळू चालवली तं काही होत नाही, मावसाजी, एवढंच कसंबसं बोलला.

"जेवून जाय, बाप्पू," लक्ष्मणराव म्हणाला. "पन गाडी घेऊन जाय."

तो जेवला नाही. रूपा जेवली. गीताबाईनं तिची ओटी भरली अन् तोच नारळ तिच्या पदरात टाकला. अन् कुंदनले बजावून सांगितलं का आधी गाडी मिस्त्रीले दाखव, मंग गिऱ्हाइकाले. अन् या पोरीले घरी जाऊन काही बोललास तं मी पवनीले येईन, एसटीनं येईन पण येईन. गाडी डावीकडे सरकत सरकत गावाबाहेर गेली, मागून बरंच अंतर ठेवून स्कूटी गेली.

तिसऱ्या दिवशी लक्ष्मणराव स्वतःच दिघोरीले जाऊन जीप सांगून आला. लाखनीले जायच्या सकाळी जीप आली, ड्रायव्हर चांगला मिशीवाला, पोक्त माणूस. लक्ष्मणराव चढायच्या आधी खिडकीत वाकला अन् म्हणे, का गा, तुही घरवाली या गाडीत बसते का? मी कपाळाले हात लावला. ड्रायव्हरनं मागं बोट दाखवलं. मागच्या शीटवर त्याची बायको पिशवी घेऊन बसली होती, लाखनीच्या बाजारात तिले उतरायचं होतं. लक्ष्मणरावानं तिले दोन्ही हातांनी नमस्कार केला. ती बिचारी घाबरून गेली. का झालं जी, म्हणे.

दामिनी आली. दिघोरीपासूनच्या रोडानं जीप इतकी हळू चालली का मागून एक बंडी पुढं निघून गेली. घरापाशी उतरली, बापाच्या गळ्यात पडली, अन् मंग तिचं लक्ष कोठ्याकडं गेलं. मंडईतलं बापाचं बोलणं फोनवरून तिच्या कानावर गेलंच होतं. बाबा, आपली गाडी कोठं आहे, असं तिनं विचारलं. मांडव नवाकोरा, खांब सरळ, अन् आत काहीच नाही.

"गाडी कायची वो," लक्ष्मणराव म्हणाला. "तुह्यासाठी बांधला. सकाळचं ऊन चांगलं येते इथं. बाळाले घेऊन बसशीन."

मी गीताबाईकडं पाह्यलं. जन्मात तिनं त्याची एक खोटी गोष्ट धकू दिली नाही. आता बोलते, मंग बोलते, म्हणून मी वाट पाहत उभा राहिलो. ती घरात गेली, बाज बाहेर काढली अन् मले म्हणाली, भाऊजी, धरा एका बाजूनं, मांडवात टाकू.