सरमोजे

२०२२ सालची गोष्ट. आषाढ पौर्णिमा आठवड्यावर आली, तरी राणीसावरगावच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन कोण करणार ते ठरेना. एकतीस वर्षं किशनराव गुरुजी वाचत आले होते. यंदा शुगरपायी त्यांच्या पायाचा अंगठा काढावा लागला. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाय भिजवायचा नाही, अनवाणी फिरायचं नाही. वाट काळ्या चिखलाची, आणि विहारात तर अनवाणीच जायचं.

"मनिषाला वाचू द्या," सुनेचं नाव घेऊन गुरुजी भिंतीकडं तोंड करून निजले. त्या पाठीकडं बघून त्यांच्या पत्नी चांगुणाबाईंनी ताट बाजूला सारलं.

मग त्यांना माहेरची पाथरी आठवली. निजामाच्या राज्यात त्यांचा बाप तहसीलदाराच्या दारात शिपाई म्हणून बसायचा. पावसात साहेब बुटांवर रबरी जोडे चढवून यायचा, ते दारात काढून कोरड्या बुटांनी गालिच्यावर जायचा. बाहेरचे जोडे बाप धुऊन राखायचा. "सर म्हंजे वर, मोजा म्हंजे बूट. मोज्यावर चढतो तो सरमोजा. फारशी बोली हाय ती," तो लेकीला सांगायचा. गालिच्यावर त्याचं पाऊल कधी पडलं नाही.

जुन्या लुगड्याचे थर घेऊन चांगुणाबाईंनी गोधडीच्या टाक्यानं मऊ जोड शिवला. वर चढवायच्या जोड्यांना रबर हवं म्हणून पंक्चरवाल्या परमेश्वरकडं गेल्या.

"ट्यूब कोणत्या गाडीला, मावशी?"

"गुरुजीच्या."

"गुरुजीनं गाडी कवा घेतली?"

"दोन पायांची हाय. लय जुनी."

पौर्णिमेला रिमझिम होती. विहाराच्या पायरीवर मनिषानं गुरुजींच्या पायातले सरमोजे ओढून काढले, आतला मऊ जोड तसाच ठेवला. दारात उभे असलेले विहार समितीचे दिनकरराव अडखळत म्हणाले, "गुरुजी, पायताण..."

"पायताण भायेर ठिवलंय, दादा," चांगुणाबाई म्हणाल्या. "ह्येनं चिखल बघितला न्हाई अजून."

दिनकररावांनी वाकून मऊ जोडाच्या तळव्यावर हात फिरवला आणि सतरंजी पुढं सरकवली.

गुरुजी बसले, चष्मा लावला, पण वाचेनात. चांगुणाबाई पायरीवरच सरमोजे पुसत बसल्या होत्या.

"आत ये," गुरुजी म्हणाले. "जोडे कोणी नेत न्हाई. तू आल्याबिगर मी पान उघडत न्हाई."

त्या आत गेल्या, पार पुढं.

गुरुजींनी आणखी दोन वर्षावास वाचून काढले आणि २०२४ च्या अखेरीस, थंडीत गेले. पाय शेवटपर्यंत चिघळला नाही. आता मनिषा वाचते. परमेश्वरनं दुकानावर 'सरमोजे मिळतील' अशी पाटी लावली, पहिला जोड दिनकररावांनी नेला. गुरुजींचे सरमोजे चांगुणाबाईंना दोन बोटं मोठे होतात. पुढं चिंध्या कोंबून त्या पावसाळाभर तेच घालतात आणि पायरीवर काढून आत जातात.